हललं तरच

वायरमन निवृत्त झाले तरी हात शिवशिवायचे थांबले नव्हते. आजारपणात बायकोच्या पायांतलं बळ गेलं आणि ती दिवसभर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसू लागली, तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवायला त्यांनी तिथे कॅमेरा लावला. परगावची लेक म्हणाली, "बाबा, रेकॉर्डिंग साठवायचं यंत्र तयार मिळतं, घेऊन टाका." पण ऐकतील तर शपथ! माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली आला, भंगारवाल्याकडून दोन हार्ड डिस्क आल्या आणि आतल्या खोलीत घरगुती सर्व्हरचा घाट घातला गेला.

दोन महिने हेच चाललं. कधी डिस्क करकरायची, कधी पंखा अडकायचा. बाहेरून हाक यायची, "अहो, जरा येऊन बसा की इथं."

"आलोच गं, एवढी वायर जोडतो."

"माझ्यासाठीच चाललंय ना सगळं? मग माझ्यापाशी कधी बसणार?"

"तुझ्यावरच तर लक्ष आहे माझं!"

लक्ष म्हणजे समोरच्या स्क्रीनवर. बायको दहा पावलांवर, आणि हा गृहस्थ तिला काचेत बघतोय. अशा शहाण्याला सांगायचं तरी काय?

जुन्या डिस्कमध्ये जागा बेताची. म्हणून त्यांनी युक्ती लढवली: समोर काही हललं तरच साठवायचं, दहा सेकंद सगळं स्थिर राहिलं की थांबायचं. लेकीला फोनवर ऐटीत सांगितलं, "रिकामी भिंत कशाला साठवायची?"

मग एका दुपारी बायकोला हॉस्पिटलात नेलं, आणि ती परत आलीच नाही.

आलेगेले पांगल्यावर वायरमननी सर्व्हर उघडला. त्यांना जास्त काही नको होतं. ती नुसती बसलेली हवी होती, अख्खी दुपारभर. पण मिळालं काय? मांजर. पेपरवाला. वाऱ्याने उडालेला पडदा. ती तासन् तास शांत बसायची, आणि त्यांच्या यंत्राने तिला भिंतीत जमा धरलं होतं.

तरी ती होती, तुकड्यातुकड्यांत. खुर्चीत मान वळायची, दाराकडे बघून ओठ हलायचे. आवाज नव्हता, पण "अहो" कळायला आवाज कशाला लागतो? मग ती वाट बघत स्थिर व्हायची आणि चित्र तुटायचं. पुन्हा मान, पुन्हा ओठ. रोज असेच पाच-सात तुकडे. वायरमननी एकूण एक पाहिले. एकातही ते दारातून बाहेर येताना दिसले नाहीत.

ते उठले, स्टूल उचलून व्हरांड्यात गेले आणि रिकाम्या खुर्चीशेजारी बसले.

"आलो गं," ते म्हणाले.

आत सर्व्हरने त्यांचं येणं टिपलं आणि दहा सेकंदांनी तो थांबला. मग वायरमनना रडू फुटलं. खांदे हलले, तसा तो पुन्हा सुरू झाला.