ताटासकट तोललेलं जेवण

ऐका ना, ते काटेसाहेब आहेत ना, दुकानांतले वजनकाटे तपासणारे? डब्यासकट बिस्किटं तोलणारा दुकानदार सापडला, की दयामाया नाही, जागच्या जागी दंड!

तर ऑफिसात सगळे त्यांच्या पोटाला हसले. साहेबांनी लगेच घरी छोटा काटा आणला आणि छातीठोकपणे सांगितलं, "महिन्यात पट्टा दोन भोकं आत घेतो!" मग रोज ताट काट्यावर, आणि चारशे ग्रॅम झाले की वाढणं बंद. बायकोनं घासभर जास्त वाढलं तर म्हणायचे, "तू बोलू नकोस, आकडा बोलतोय."

बायको दुसऱ्या दिवसापासून पत्र्याच्या ताटाऐवजी चिनी मातीचं जाडजूड ताट काढू लागली. आता चारशे ग्रॅममध्ये चारच घास! साहेबांच्या पोटात कावळे कोकलायचे, पण आकड्याशी भांडणार कसं?

एकदा भुकेनं कासावीस होऊन त्यांनी स्वतःच रिकामं ताट काट्यावर ठेवलं. आकडा तीनशे!

"अगं, ही फसवणूक आहे!"

"ताट मी दिलं, पण तोललंत तुम्ही. मग दंड कोणाला, साहेब?"

साहेबांनी काटा बाजूला सारला. "आधी पोटभर वाढ. आणि ऑफिसात कुणाला सांगू नकोस हं!"