जांभळ्या ज्वाळेचं मीठ

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. वाटूही नये. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांनाही ती अजून खरी वाटत नाही, आणि त्यातले काहीजण तर इथेच, या शिकाऱ्यांच्या खोपीत, पातेल्याभोवती बसून एल्कच्या, म्हणजे त्या घोड्याएवढ्या सांबराच्या, मटणाचा रस्सा ओरपताहेत. ओरपा बाबांनो. रस्सा संपेस्तोवर गोष्टही संपेल.

तर त्या शनिवारी दुपारी सरोवराकाठच्या साउनापाशी, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोपटापाशी, सगळं गाव लोटलं होतं. आत मुंगीला शिरायला जागा नाही, म्हणून लोकांनी खिडकीची काच उचकटून काढली आणि बाहेरून माना आत घातल्या. शेगडीवरचे दगड लालबुंद. पाणी टाकलं की वाफेचा असा फटकारा बसायचा की पुढच्या रांगेतल्यांच्या भुवया जळाल्या. धुराड्यावरून उडणारा एक कावळा भाजून खाली पडला. तो कोणी खाल्ला ते सांगत नाही, उगीच त्याच्या बायकोला वाईट वाटेल.

वरच्या फळीवर ताइस्तो हुओविनेन पालथा पडला होता. जंगलात लाकूडतोडीत जन्म घालवलेला गडी, पाठ म्हणजे दरवाजा. आणि त्या दरवाजावर वाफेने रोग काढणारा पेल्कोनेनबुवा बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी दोन्ही हातांनी हाणत होता.

"नीघ! नीघ बाहेर, हलकटा!"

ही शिवी ताइस्तोला नव्हती, त्याच्या रक्तदाबाला होती. पानं झडून गेली, नुसत्या काड्या उरल्या, तरी बुवा थांबेना. मग त्याने पात्याने खांद्यांवर चिरा पाडल्या आणि गायीच्या शिंगांच्या तुंबड्या लावल्या. काळसर रक्त फळ्यांवरून ओघळत खाली बसलेल्यांच्या मांड्यांवर ठिबकायला लागलं. कोणी हललं नाही.

दारात हेल्वी टॉवेल धरून उभी होती. ती ताइस्तोची बायको. झाडाखाली सापडून पाय मोडला तेव्हाही या माणसाने हूं की चूं केलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. आताही तो दात खाऊन पडला होता, मधूनच खोकत होता.

"आणि आता," बुवा घाम पुसत म्हणाला, "विजेने जाळलेल्या बर्चचं मीठ! वीज पडली तेव्हा झाड रडलं, मंडळी! त्या अश्रूंचं हे मीठ! डॉक्टर लोकांना झाड रडतं हे ठाऊक नाही, कारण ते झाडाला कधी विचारतच नाहीत!"

त्याने डब्यातली चिमूट शेगडीच्या तोंडात फेकली. ज्वाळ सर्रकन फिकी जांभळी झाली.

"पाहिलंत? रोग जळतोय! रोगाचा रंग जांभळा!"

"जांभळा!" लोक ओरडले.

साउनात शिरण्याआधी बुवाने ताइस्तोला शेगडीची लाकडं फोडायला लावली होती आणि तो धापा टाकत असतानाच सगळ्यांसमोर त्याचा दाब मोजला होता, तेव्हा यंत्राने वरचा आकडा एकशे नव्वद दाखवला होता. आता बाहेरच्या बाकावर बसवून परत पट्टा बांधला. एकशे पंचवीस. अशी आरोळी उठली की सरोवरातले मासे पलीकडच्या काठाला गेले. रक्ताने माखलेला ताइस्तो उठला, बाकावरच्या आपल्या कोटातून गोळ्यांची बाटली काढली आणि आत जाऊन शेगडीत भिरकावली. त्याचं पाहून इतरांनीही खिसे रिकामे केले.

आता ताइस्तोसारखा माणूस या फंदात पडला कसा? त्याची मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरीणबाईने वर्षापूर्वीच सांगितलं होतं, तिसरा हिस्सा काम चाललंय, उरलेलं सांभाळा. त्यासाठी तिने दाब उतरवणारी गोळी दिली. गोळीने दाब उतरला, पण कोरडा खोकला लागला. घसा खवखवायचा आणि कुत्रा भुंकावा तसा ताइस्तो खोकायचा.

खोकला गावात कोणालाही होतो. पण एल्कच्या शिकारीला माणूस आपल्या जागेवर तासन्‌तास दगड होऊन उभा राहतो, डोळ्याची पापणीही जपून हलवतो. कुत्र्यांनी हाकत आणलेला एल्क झुडपांतून डोकं काढणार, तेवढ्यात ताइस्तो ठसकला की तो एल्क गेला पार रशियात. मागच्या हंगामात असं वारंवार झालं. टोळीच्या म्होरक्याने त्याला तोंडावर सांगितलं, "पुढच्या वर्षी तू स्वयंपाकाला थांब." ताइस्तोने त्याचा दात पाडला. दात पडला तरी म्हणणं पडलं नाही.

आणि डॉक्टरिणीने विचारलं, "गोळीचा काही त्रास?" तर हा पठ्ठ्या म्हणाला, "नाही." आपल्याकडे पुरुषमाणूस डॉक्टरकडे जाऊन तक्रार करत नाही. कुऱ्हाड डोक्यात रुतलेली असली तरी "ठीक चाललंय" म्हणतो आणि टोपी घालायला अडचण होते तेवढी सांगतो.

हेल्वी मात्र डॉक्टरिणीपाशी बसून सगळं ऐकून आली होती. ही गोळी दाब तर उतरवतेच, मूत्रपिंडालाही जपते. ती बंद करायची नाही. म्हणून तिने त्या शनिवारनंतर गुपचूप नवी बाटली आणली. रोज सकाळी ती गोळी खलबत्त्यात कुटायची, राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या लापशीत ढवळायची आणि वर लाल बेरींचा मुरंबा थापायची.

"आज मुरंबा फार घातलास," ताइस्तो म्हणायचा.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, घातला थोडा प्रेमाने. गीळ मुकाट्याने."

असा सगळा कारभार. गोळी हेल्वीच्या लापशीतून पोटात जायची आणि जयजयकार बुवाचा व्हायचा. ताइस्तो बुवाने विकलेलं मीठ बटाट्यांवर घ्यायचा, माशावर घ्यायचा, मुरंब्यावरसुद्धा भुरभुरवायचा. चिमूटभर राखेने काय होतंय, असं हेल्वीला वाटलं. पण दोनेक महिन्यांत हळूहळू त्याचे पाय जड झाले. पायऱ्या चढताना तो कठडा धरायला लागला. कुऱ्हाड खांद्यापर्यंत यायची आणि तिथेच लटकायची.

"रोग पायांतून बाहेर चाललाय," बुवा म्हणाला. "मीठ वाढव."

इकडे ज्यांनी गोळ्या जाळल्या आणि ज्यांच्या घरात हेल्वी नव्हती, त्यांचे हाल सुरू झाले. नावाडी चर्चमध्ये प्रार्थनेला उभा राहिला आणि त्याच्या नाकातून रक्ताची अशी धार लागली की पुढच्या बाकावरच्या बाईंचा पांढरा कोट लाल झाला. बुवा म्हणाला, "शुभ आहे. वाईट रक्त स्वतःहून निघालं."

केर्ट्टूबाईंच्या कानावर हे गेलं. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गावातला एक कान असा नाही जो त्यांनी पिळलेला नाही. पुढच्या शनिवारी त्या काखोटीला पिशवी मारून थेट साउनात शिरल्या, बुवाच्या बरोबर समोर.

"माझाही दाब वाढतो," त्या म्हणाल्या. "मोज."

एकशे अठ्ठावन्न.

"या मावशी, फळीवर झोपा," बुवा जुडी उचलत म्हणाला.

"जुडी खाली ठेव, नाहीतर तुझ्याच घशात घालीन. मीठ नको, मंत्र नको, मार नको." त्या नुसत्या वाफेत जाऊन बसल्या. बाहेर आल्या, बाकावर टेकल्या, हात पुढे केला. एकशे चोवीस.



"उष्णतेने रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब थोडा वेळ उतरतो," बाई म्हणाल्या. "कपडे घालून घरी जाईपर्यंत परत चढतो. शनिवारी साउनातून निघून मोजलं तर आपलं सगळं गाव निरोगी! दाब घरी मोजायचा, पाच मिनिटं निवांत बसून. आता तुझं रडकं झाड बघू."

त्यांनी पिशवीतून किराणा दुकानातलं पाकीट काढलं. सोडियमऐवजी पोटॅशियम असलेलं, कोणालाही विकत मिळणारं मीठ. चिमूट शेगडीत टाकली. ज्वाळ जांभळी झाली.

"हे झाड कुठल्या दुकानात रडलं रे, पेल्कोनेन? मुलांनो, पोटॅशियम जळताना कुठला रंग येतो हे आठवीत शिकवलं होतं. मागच्या बाकावर झोपला होतात सगळे!"

बुवाचा चेहरा पडला, पण जीभ नाही. "ही बाई डॉक्टरांची हस्तक आहे! काढा हिला!"

आणि भडका उडाला. कोणीतरी बाईंना ढकललं. बाईंनी शेगडीची सळई उचलून त्याच्या नडगीवर अशी घातली की तो एका पायावर नाचत सरोवरात गेला. नावाड्याने बुवाच्या चेल्याचं डोकं पाण्याच्या बादलीत कोंबलं. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं: डाव, बाक, ओले टॉवेल, दुसऱ्याचा पाय. तुंबड्यांची शिंगं हवेत उडत होती. एकाचा पुढचा दात शेगडीवर पडून चर्र झाला.

ताइस्तोने मध्ये घुसून दाबाचं यंत्र भिंतीवर आपटलं. "मला बरं वाटतंय! गोळ्या सोडल्या तेव्हापासून दाब खाली आहे! घरीही मोजलाय मी!" आणि तो ठसकला. वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ठसकत राहिला.

सळई तशीच धरून बाईंनी विचारलं, "गोळ्या सोडल्यास ना? खोकला गोळीचा होता ना? मग अजून कसा खोकतोयस?"

ज्यांनी एकमेकांच्या मानगुटी धरल्या होत्या ते तसेच थांबले. 

"मी घालते," हेल्वी म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तिला परत सांगावं लागलं. "लापशीत. रोज. कुटून."

ताइस्तो तिच्याकडे वळला. आयुष्यात त्याने अर्ध्या तालुक्याला बडवलं होतं, पण हेल्वीवर कधी हात उचलला नव्हता. आज उचलला. तो हातोड्याएवढा हात वर गेलेला तिने पाहिला आणि डोळे मिटले नाहीत. "मार," ती म्हणाली. "पण तू जिवंत पाहिजेस म्हणून घातली."

मूठ वळेना. बोटं सुटी सुटीच राहिली. त्याने आपल्याच हाताकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखं पाहिलं, मग गुडघे दुमडले आणि बुंधा कोसळावा तसा तो बाक मोडून खाली आला.

"पाय कधीपासून जड आहेत याचे?" बाईंनी गुडघे टेकून विचारलं. मनगट धरलं. नाडी एक ठोका द्यायची आणि विसरून जायची. "रुग्णवाहिका बोलवा! सांगा, मूत्रपिंडाचा रोगी आहे, पोटॅशियम खाल्लंय, हृदय बंद पडतंय!"

हेल्वीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "पण मीठच ना ते, बाई? मीठच होतं ना?"

"हेल्वी, धडक्या माणसाचं मूत्रपिंड जास्तीचं पोटॅशियम लघवीतून फेकून देतं. याचं थकलंय. त्यात तुझी गोळी. गोळी चांगलीच आहे, पण ती पोटॅशियम अंगात राखून ठेवते. म्हणून तर ही गोळी घेणाऱ्याचं रक्त मधूनमधून तपासतात. बाहेर जाईना, आणि हा वरून चमच्याने भरतोय. ते वाढलं की आधी स्नायू ढिले पडतात. हृदयही स्नायूच आहे."

"म्हणजे मीच..."

"तू डॉक्टरिणीला मिठाचं सांगितलं नाहीस. त्याने खोकल्याचं सांगितलं नाही. तुम्हा दोघांच्या गप्प बसण्यावर या भामट्याने दुकान थाटलं."

बुवा एव्हाना मागच्या दाराने निसटत होता. लोकांनी त्याला धरला. त्याचं पुढे काय केलं ते सभ्य घरात सांगता येत नाही, म्हणून खोपीत सांगतो: त्याच्याच जुडीने त्याला सरोवराभोवती पळवत बडवला, त्याची मोटार उलटी केली आणि डबाभर मीठ त्याच्या विजारीत ओतलं. बाई ओरडत होत्या, "अरे मारून काय होणार? पोलिसांत द्या! मारायचा जोर आहे, विचारायचा का नाही?" ऐकतो कोण. शेवटी पोलिसांनीच येऊन त्याला वाचवला, तेव्हा बेड्या घालून घ्यायला तो स्वतःहून हात पुढे करत होता.

तर मंडळी, यात घेण्यासारखं काय? दाब उतरलेला दिसला तर कशाने उतरला ते विचारा. गोळीने खोकला आला, उभं राहताना चक्कर आली, पाय सुजले, तर गोळी शेगडीत टाकू नका. डॉक्टरला तोंड उघडून सांगा, दुसरी गोळी असते. आणि मूत्रपिंड दुखणाईत असेल तर मीठ असो, काढा असो की अंगदुखीची साधी गोळी असो, विचारल्याशिवाय जिभेवर ठेवू नका. अरे, तिकडे कोपऱ्यात कोणाचा हात खिशाकडे गेला? अजून शिल्लक आहे वाटतं जांभळं मीठ? मग ऐक शेवट.

ताइस्तो मेला. हो, मेला बिचारा. रुग्णवाहिकेतच हृदय थांबलं. शवपेटी इतकी मोठी करावी लागली की चर्चचं दार काढलं. खांदा द्यायला आठजण लागले, त्यातले दोघे वजनाने तिथेच खचले, त्यांनाही शेजारीच पुरलं. हेल्वीने त्या थडग्यावर रोज सकाळी लापशीचा वाडगा...

"ए थापाड्या!" पातेल्यापाशी डाव आपटून कोणीतरी गरजलं, दरवाजाएवढ्या पाठीचा गडी इकडे वळला. "मेला काय मेला! दंडात सुई खुपसली, रक्त यंत्रातून धुऊन काढलं, खोकल्याचं सांगितलं तर डॉक्टरिणीने गोळी बदलून दिली! आणि हा एल्क काय तुझ्या बापाने मारला? झुडपातून डोकं काढून माझ्या तोंडाकडे बघत होता, एकदाही खोकलो नाही मी! कोणाला मारायचं तर दुसऱ्याला मार, मला सोमवारी रक्त तपासायला जायचंय!"