पोटावर वाजलेली कॅसेट

मी एक कॅसेट बोलतेय. साठ मिनिटांची. कव्हरवर हंसांचं तळं, आत व्हायोलिनांचा ताफा. निरनिराळ्या विलायती रचनांतले हळुवार तेवढे तुकडे कापून माझ्यात भरलेत. जिथे ढोल वाजायला लागतो तिथे कात्री. म्हणजे तिखट काढून विकलेली मिसळच म्हणा. पण माल खपला, हे महत्त्वाचं.

अठ्ठ्याण्णव साली मी बडोद्याला, रावपुऱ्यातल्या एका दुकानात आले. आधी 'शांत झोपेसाठी' या फळीवर होते. गिऱ्हाईक फिरकेना. मग कुठेतरी छापून आलं की असलं संगीत ऐकून पोटातलं मूल हुशार होतं. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराने मला 'गर्भसंस्कार' फळीवर नेऊन बसवलं. मी तीच, हंसही तेच.

"बेन, आ लई जाओ. छोकरो डॉक्टर ज थशे!" तो म्हणाला. पोरगा डॉक्टरच होणार म्हटल्यावर निरुपमाच्या सासूबाईंनी मला उचललं.

या घराचे पणजोबा गायकवाडांच्या कचेरीत कारकून होते. घरात त्यांना दिवाणसाहेब म्हणत. असल्या घरात साधं मूल कसं चालेल? निरुपमाला चौथा लागला होता. सकाळ, दुपार, दिवेलागण अशा माझ्या वेळा ठरल्या. वॉकमन पट्ट्याने पोटाला बांधायचा, हेडफोन पोटावर. तिच्या कानाला काही नाही. आईने मध्ये ऐकलं तर बाळाच्या वाट्याचं कमी होईल, अशी समजूत असावी. नवरा हेरंब रिफायनरीतून आला की बायकोच्या आधी बॅटरीची चौकशी करायचा.

निरुपमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी, पाणीगेटला जायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं पोरीचं. सासूबाई नाही म्हणाल्या.

"तिथे शेजारी बँडवाला. दिवसभर पिपाण्या. सगळी मेहनत पाण्यात जायची."

"त्याच्याच शेजारी मी तीन पोरं वाढवली, विहीणबाई," निरुपमाची आई गंगाबाई म्हणाल्या. "एकाने तरी पिपाणी धरलीय का?"

"डॉक्टर तरी कोण झालंय?"



सातव्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, निरुपमा झोपाळ्यावर. बायका गाणी म्हणायला सरसावल्या, तोच सासूबाईंनी हात वर केला. "गाणी नंतर. बाळाची वेळ झालीय."

मला बांधण्यात आलं. चाळीस बायका एका पोटाकडे बघत बसल्या. ऐकू कुणालाच काही येईना. एक काकू पुटपुटल्या, "डोहाळजेवणाला बोलावलंय की सोनोग्राफीला?"

"बघा, कसं शांत ऐकतंय!" सासूबाई म्हणाल्या.

निरुपमाने पोटावर हात ठेवला. "हो ना आई. सकाळपासून हललंच नाहीये."

"हललं नाही म्हणजे?"

"हे लावलं की गपगारच पडतं. मागे पाणीगेटला गेले होते ना, तेव्हा बँड वाजला तर काय लाथा मारत होतं!"

"काढा ते! आधी काढा!" सासूबाई ओरडल्या. ताबडतोब रिक्षा आली. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकले, सगळं छान आहे म्हणाल्या. पण सासूबाईंनी धसकाच घेतला होता. "विहीणबाई, आजच घेऊन जा हिला!"

खरं सांगू? मी पोटालाच होते. त्या अर्ध्या तासात मला सात लाथा बसल्या. एवढ्या शांत चेहऱ्याने मारलेली थाप मी रावपुऱ्याच्या बाजारातही ऐकली नव्हती.

सासूबाईंनी मला कचऱ्यात टाकायला सांगितलं. निरुपमाने वॉकमनसकट पिशवीत टाकलं. पाणीगेटला चौथ्या दिवशी दुपारी ती खाटेवर आडवी झाली आणि पहिल्यांदाच तिने हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. दोन्ही बाजू ऐकल्या. मध्येच डोळे पुसले.

"काय गं, दुखतंय का?" गंगाबाईंनी विचारलं.

"नाही गं. छान आहे हे. तीन महिने माझ्याच अंगावर वाजत होतं, आणि मला कुणी ऐकू दिलं नाही."

पुढे सानवी झाली. हुशार की साधी, ते मला विचारू नका. माझी फीत आता सैल पडलीय, वॉकमन बिघडलाय, मी निरुपमाच्या कपाटात साड्यांखाली असते. माझ्यासारखी एखादी तुमच्या घरात असेल, तर हात जोडून सांगते: तिच्याकडून डॉक्टर मागू नका. घटकाभर ऐका, आणि झोप लागली तर खुशाल झोपा.