उपकेंद्राच्या पत्त्यावर

“चाबी दे म्हनलं, शीला. तो प्लॉटवाला चार वाजता निंगून जाईन,” राजकुमार मोटारसायकल चालूच ठेवून आरोग्य उपकेंद्राच्या दारातून ओरडला.

घाटंजीतल्या घरात सासू, दोन जावा आणि सहा पोरं. नर्स असलेल्या शीला राठोडच्या हक्काचा तिथे एक खिळाही नव्हता. म्हणून नवरा-बायकोचं ठरलं होतं, निम्मे त्यानं जमवायचे, निम्मे तिनं, आणि नव्या लेआउटमध्ये प्लॉट घ्यायचा. त्यानं बियाण्याच्या दुकानात पोती उचलून आपला वाटा जमवला. घरी जावा हुंगतील, म्हणून माझा वाटा उपकेंद्रात कुलपात ठेवलाय, असं ती तीन वर्षं सांगत आली. ते अगदीच खोटं नव्हतं.

मदतनीस लीलाबाईनं स्टोअर रूम उघडली. औषधांच्या खोक्यांमागे छतापर्यंत पार्सलं रचलेली होती.

“हे काय होय?” राजकुमारनं दारातूनच विचारलं.

“घराचं सामान.”

“कोन्त्या घराचं?”

पेशंट आटोपले की दुपारी उपकेंद्रात माशीही फिरकत नसे. मोबाईलवरचं खरेदीचं ॲप तेवढं बोलायचं, फक्त दोनच शिल्लक! शीला साड्यांकडे ढुंकूनही बघत नसे. ते उधळ्या बायकांचं काम. ती पडदे घ्यायची, नळ घ्यायची, खिडकीत टांगायची कुंडी घ्यायची. घरासाठी घेतलेलं उधळपट्टीत धरत नाहीत, अशी तिची पक्की समजूत होती. बोट दाबलं की घर वीतभर वर चढायचं. पार्सल आलं की मात्र ते फोडावंसं वाटत नसे.

राजकुमार गाडी बंद करून आत आला. “अन् पैसे?”

“हेच.”

तो खाली बसून एकेक खोकं फोडू लागला.

“माय वो! पंखा तं लय झकास हाय, सिस्टर,” लीलाबाई म्हणाली. “पन टांगसान कोठी?”

राजकुमारनं फोन लावला. “भाऊ, त्या दुसऱ्या पार्टीले देऊन टाका. नाही, आमचं नाही जमत.” आवाज चढला असता तर शीलाला सोपं गेलं असतं. फोन ठेवून तो पुन्हा खोकी फोडत बसला. घडीची खुर्ची निघाली. एक. ताट निघालं, एक. उशी एक. चहाचा मग एक.

“सारं एकेकच काहून?”

“संच महाग पडते.”

“दोन घेतले असते, तं संच थोडीच झाला असता?”

खिडकी, कुंडी, खुर्ची, हातात मग, आणि हाक मारणारं कुणी नाही. त्या घरात शीला तीन वर्षं फिरत होती. तिथे राजकुमार नाही, हे तिच्याही आत्ताच ध्यानात येत होतं.

“म्या कोठी बसत होतो, शीला?”

“सिस्टर, लेकराले लय ताप हाय वो!” बाहेरून एका बाईचा आवाज आला.

शीलानं हात धुतले, थर्मामीटर पुसला. “आना इकडं. कधीपासून हाय?”

आत राजकुमार खुर्चीची घडी घालून ती खोक्यात बसवत होता. आली तेव्हा जशी बसली होती, तशी ती काही केल्या बसेना.