मागे कोण उभं आहे

कुलूपवाल्याच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. न्हाणीघराच्यासुद्धा नाही. सगळ्या कड्या त्यानेच काढून टाकल्या होत्या, कारण आपल्याच घरात आपल्या तोंडावर कुणी दार लावावं हे त्याला खपत नसे. बाहेरच्या दाराला मात्र त्याने स्वतःच्या हाताने घडवलेलं जाडजूड कुलूप होतं, दाबलं की लागणारं. घरात कुणी असलं की ते बाहेरच्या कडीला उघडंच लटकवून ठेवायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, "हे एकदा लागलं की माझ्याशिवाय कुणाच्या बापाला उघडायचं नाही."

त्याच्या मुलीला सगळे काडी म्हणत. अंगाने काडी होतीच; पेटायचं नाव मात्र कधी घेतलं नव्हतं. बाबांच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा जिन्यात वाजला की ती हातातलं काम टाकून कान द्यायची. सावकाश वाजला तर जेवण सुखाने व्हायचं. घाईघाईने वाजला, तर आई ओट्याच्या कोपऱ्यात सरकायची आणि काडी तिच्यापुढे जाऊन उभी राहायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहान असताना एकदा ती बाबांचा हात चुकवून पटकन खाली बसली होती, आणि तो हात मागे उभ्या असलेल्या आईच्या कानावर बसला होता. त्या कानाने आईला आता ऐकू येत नाही. तेव्हापासून पहिली चपराक काडी जागची न हलता खायची. ती चपराक नीट बसली की बाबांचा राग बहुतेक वेळा उतरायचा.

शिकवणीच्या नावाखाली ती संध्याकाळी वेल्डिंगच्या कारखान्याच्या माडीवर जायची. कारखान्याची मालकीण तिथे मुलींना बॉक्सिंग शिकवायची. तिला सगळे वेल्डरताई म्हणत. रिंगचे खांबसुद्धा तिनेच जोडले होते. समोरच्या मुलीचा खांदा जरा हलला की कुठला हात येणार ते काडीला आधीच कळायचं. ते शिक्षण घरी झालं होतं. पण तिची एक खोड काही केल्या जात नव्हती. प्रत्येक लढतीत पहिला ठोसा ती ढिम्म उभी राहून तोंडावर घ्यायची.

"पहिला ठोसा काय औषध म्हणून घेतेस, उपाशीपोटी?" ताई आधी हसायच्या. मग निवडीची लढत ठरली आणि त्यांचं हसू आटलं. जिंकणारीला क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. राहणं, खाणं, शाळा सगळं तिथेच. तिथल्या खोल्यांना आतून कडी असते, हे काडीने दोनदा विचारून घेतलं होतं. आणि समोर उभी राहणार होती ती मुलगी पहिल्याच ठोशात भल्याभल्यांना आडवं करणारी होती.

लढतीच्या दिवशी व्हायचं तेच झालं. घंटा वाजली, समोरचा खांदा हलला. काडीला दिसलं, कळलं, आणि ती तशीच उभी राहिली. डोळ्यांसमोर काजवे चमकले. ती पडली, धडपडत उठली, आणि कशीबशी फेरी निभावून कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसली.

"दिसला होता ना ठोसा?" ताईंनी तिच्या मानेवर ओला टॉवेल ठेवत विचारलं.

"दिसला."

"मग हलली का नाहीस?"

काडी खाली बघत म्हणाली, "मी हलले तर आईला लागेल."

ताईंचा हात टॉवेलवरच थांबला. हात कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी काडीची हनुवटी धरून तिचं तोंड मागे वळवलं. "बघ. इथे तुझ्या मागे कोण उभं आहे?"

"कोणी नाही."

"नुसती दोरी आहे. दोरीला लागू दे."

दुसऱ्या फेरीत तो खांदा पुन्हा हलला. भीती तेवढीच होती, तसूभरही कमी नव्हती. पण काडी बाजूला झाली आणि ठोसा हवेत गेला. मग शेवटपर्यंत तिला कुणाचा हात लागला नाही. ती जिंकली.

आनंद घरचा जिना चढेपर्यंत टिकला. दारात आल्यावर ती थबकली. आपण वसतिगृहात गेलो तर आईपुढे कोण उभं राहणार?

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. काडीने तिच्या चांगल्या कानाशी लागून सगळं सांगितलं. कडीचं, ठोशाचं, ताईंनी विचारलेलं. "पण मी नाही जात," ती म्हणाली. आईच्या हातातली घडी तीनदा मोडली.

इतक्यात जिन्यात जुडगा वाजला. घाईघाईने. आई ओट्याच्या कोपऱ्यात सरकली.

"शिकवणी काय?" दार ढकलून बाबा आत आले. "दुकानात गिऱ्हाईक मला सांगतं, तुमची पोरगी छान मारामारी करते म्हणून. मला दाखव की."

काडीचे पाय आपसूक ओट्याकडे गेले आणि ती आईपुढे उभी राहिली. मानेवर आईचा श्वास लागत होता. बाबांचा खांदा हलला. तिने डोळे मिटले.

आणि मानेवरचा श्वास गेला.

आई कोपऱ्यातून निघून दाराशी गेली होती. काडीच्या मागे नुसती भिंत आणि फडताळ होतं. तिने डोळे उघडले आणि बाजूला झाली. बाबांचा हात फडताळाच्या लोखंडी कडेवर आदळला. ते कळवळून खाली बसले.

"चप्पल घाल," आई दारातून म्हणाली.

काडी बाहेर पडली. आईने दार ओढलं, कडी घातली, आणि कडीला लटकलेलं कुलूप दोन्ही हातांनी दाबलं. ते लागलं. किल्ली बाबांच्या खिशात होती आणि कुलूप दाराच्या बाहेर.

आतून दारावर धक्के बसू लागले. दोघींची पाचावर धारण बसली होती. आईला तर पायरीसुद्धा धड दिसेना. "ताईंकडे," काडी म्हणाली, आणि सवयीने वरच्या पायरीवर थांबली, दाराच्या आणि आईच्या मध्ये.

आईने तिच्या दंडाला धरून तिला खालच्या पायरीवर घेतलं.

"पुढे हो," ती म्हणाली. "मागे मी आहे."