घ्यायला येणारी

ढब्बूच्या एका पायात बूट चढला होता आणि दुसरा पाय तो काही केल्या हाती लागू देत नव्हता. पाळणाघर चालवणारी ती त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली, "अरे, या बुटात उंदीर शिरलाय वाटतं," असं म्हणाली, आणि तो वाकून बघेपर्यंत बूट चढवून मोकळी झाली. दारात उभी असलेली त्याची आई हसली. ती दवाखान्यात नर्स होती. दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून आलेले असायचे, तरी पोराला खांद्यावर घेतलं की जिना भराभर उतरायची.

ढब्बूची आई रोज सगळ्यांच्या शेवटी यायची, त्यामुळे ढब्बू गेला की पाळणाघर सुटलं. तिनं दार लोटलं, पाठ ताणली आणि सतरंज्या गोळा करायला वळली. भिंतीकडच्या बुटक्या बाकावर तिची लेक बसली होती. पायांत बूट, मांडीवर दप्तर, केस पाणी लावून चापून बसवलेले.

"अगं, बूट कशाला घातलेस?"

"माझी आई अजून आली नाही ना, मावशी," लेक म्हणाली.

आवाजात लाडिकपणा नव्हता की राग नव्हता. परक्याच्या घरी शहाणं मूल बोलतं, तशी ती बोलली.

मावशी हा शब्द तिनंच लेकीच्या तोंडी घातला होता. पाळणाघर नवीन होतं तेव्हा लेक शाळेतून येऊन "आई" अशी हाक मारायची आणि ती ऐकून खोलीतल्या सगळ्या लहानग्यांना आपापल्या आया आठवायच्या. एकानं गळा काढला की बाकीचे सूर धरायचे. शेवटी तिनं लेकीला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, की मुलं घरी जाईपर्यंत तूसुद्धा मला मावशीच म्हणायचं. लेकीनं मान हलवली आणि त्यानंतर ती एकदाही चुकली नाही. आलेल्या-गेलेल्यांना तिचं कोण कौतुक वाटायचं. काही नव्या पालकांना तर ही बाईंचीच मुलगी आहे हे कित्येक दिवस कळलंही नव्हतं.

खरं म्हणजे हा सगळा खटाटोप लेकीसाठीच होता. त्याआधी ती एका ऑफिसात नोकरी करत होती आणि लेक दुसऱ्या कुणाच्या तरी पाळणाघरात असायची. संध्याकाळी बस थांबली की ती धावत सुटायची, टाचेच्या सँडल खाडखाड वाजवत जिना चढायची, आणि दार उघडायच्या आत आतून लेकीची आरोळी यायची. तो जीवघेणा पळापळीचा संसार नको म्हणून तिनं नोकरी सोडली. आता मी दिवसभर घरातच असणार, असं तिनं लेकीला सांगितलं होतं. तशी ती होतीही. बाहेरची खोली मुलांना दिली, लेकीचा पलंग आत कपाटाच्या आडोशाला गेला, तिची खेळणी सगळ्यांची झाली. एवढं तर करावंच लागतं, असं सगळे म्हणाले.

त्या संध्याकाळी तिनं लेकीला गुदगुल्या केल्या, बूट काढले, आणि जेवायच्या वेळेपर्यंत लेक पुन्हा "आई आई" करायला लागली. नवरा शहर बसवर चालक होता. जेवताना त्याला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. घरचंच गिऱ्हाईक मिळालं, आता फी लाव तिला, असं म्हणाला. तीही हसली.

पण पुढे ते वाढत गेलं. बाकावर बसणं रोजचं झालं. लेकीच्या तोंडची मावशी जाऊन आई यायला आधी जेवणाची वेळ व्हायची, मग झोपेची होऊ लागली. लेक ताटातलं निमूट खायची आणि "पुरे मावशी" म्हणायची. पाणी प्यायलासुद्धा विचारून उठायची. एका सकाळी, एकही मूल आलेलं नसताना, तिनं लेकीच्या केसांची वेणी घातली तेव्हा लेक आरशात बघत म्हणाली, की माझी आई वेणी इतकी घट्ट घालत नाही.

"कोण तुझी आई?" तिनं विचारलं. विचारताना हात थांबला होता.

लेकीनं सरळ सांगितलं. ती ऑफिसात जाते. तिच्या खांद्याला निळी पर्स असते. तिला यायला उशीर होतो, पण ती येते. येताना धावत येते.

निळी पर्स कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या चादरींखाली पडून होती. ती तिनं लेकीला काढून दाखवली. ही बघ, माझीच आहे, मीच ती. लेकीनं पर्स हातात घेतली, उघडून आत पाहिलं, पुन्हा बंद केली आणि परत दिली. आईची आईकडेच आहे, असं ती म्हणाली. तिला वाईट वाटू नये म्हणून समजूत काढल्यासारखं.

नवरा आता हसत नव्हता. दोन-चार दिवस कुठंतरी फिरायला जाऊ या, पाळणाघर बंद ठेव, असं त्याचं म्हणणं पडलं. तिलाही ते पटत होतं. पण नर्सबाईंची ड्युटी होती, कुणाची परीक्षा होती, एका बाईंना तर हिच्याशिवाय दुसरं दारच नव्हतं. प्रत्येकीला नाही कसं म्हणायचं, या विचारात एक आठवडा गेला, मग दुसरा गेला.

आणि मग तिला जिन्यातला आवाज ऐकू यायला लागला.

तो तिन्हीसांजेला यायचा, पालकांची ये-जा संपत आली की. टाचेच्या सँडल, खाडखाड, घाईनं वर चढणाऱ्या. त्यांच्या मजल्यावर येऊन आवाज थांबायचा. पहिल्यांदा तिनं कुणीतरी पालक असेल म्हणून दार उघडलं. जिना रिकामा होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी फोडणी दिली होती, तेवढा वास येत होता. दुसऱ्या दिवशी तिनं आवाज आल्या आल्या दार उघडलं, तरी तेच. पण तिच्या कडेवरचा ढब्बू त्या रिकाम्या जिन्याकडे बघून हसला आणि हात हलवून टाटा करू लागला. एरवी परकं माणूस दिसलं की तो मान खाली घालायचा.

बाकावरून लेक शांतपणे म्हणाली, "आज नाही. आज तिला अजून काम आहे."

तिनं दार लावलं, कडी घातली. कडी घातल्यावर स्वतःचंच तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

तो दिवस उजाडला तोच कुरकुरत. ढब्बूला दुपारपासून कणकण होती. तिनं नर्सबाईंना फोन केला, औषध विचारून घेतलं, त्याला मांडीवर घेऊन कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली. बाकीची मुलं एकेक करून गेली. तिन्हीसांजेला ढब्बूला जरा घाम आला, डोळा लागला. त्याला आतल्या पलंगावर ठेवून, उशांचा बांध घालून ती बाहेर आली.

बाक रिकामा होता. दार सताड उघडं होतं.

तिनं हाक मारली. न्हाणीघरात पाहिलं, गॅलरीत पाहिलं, कपाटामागे पाहिलं. समोरच्या दाराला कुलूप होतं. ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की आत एक तापलेलं पोर झोपलंय, ते दुसऱ्याचं आहे, तिच्या भरवशावर ठेवलेलं आहे. त्याला सोडून जाता येत नाही. आणि थांबताही येत नाही. ती एक पाऊल आत आली, एक पाऊल बाहेर गेली. मग कपाटाखालून हाताला लागलं ते पायांत सरकवलं आणि दार ओढून घेऊन धावत सुटली. पहिल्या वळणावर तिला कळलं, की पायांत ऑफिसच्या जुन्या सँडल आहेत. त्या खाडखाड वाजत होत्या.

खाली शिंप्याचं दुकान होतं. तो मशीनवर वाकलेला होता. तिनं धापा टाकत विचारलं, माझी मुलगी दिसली का. शिंप्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि त्याचं मशीन थांबलं.

"आत्ताच तर गेलात की दोघी," तो म्हणाला. "हात धरून. तुम्ही परत वर कधी गेलात?"

कोणत्या बाजूला, एवढंच तिनं विचारलं. त्यानं बोटानं दाखवलं आणि ती पुढे गेल्यावरही तो बराच वेळ दारात उभा राहून बघत राहिला.

लेक बसथांब्यावर सापडली. ऑफिसची बस पूर्वी जिथं थांबायची, तोच थांबा. दिवे नुकतेच लागत होते. लेक बाकाच्या एका टोकाला नीट पाय जुळवून बसली होती, मांडीवर दप्तर, आणि एक हात शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवलेला. कुणाच्या तरी मुठीत असावा तशी त्या हाताची बोटं किंचित मिटलेली होती.

सँडलचा आवाज आला तशी तिनं मान वर केली. आधी पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. लेकीचा चेहरा उजळला. किती दिवसांत तो असा दिसला नव्हता.

"आई," ती म्हणाली. "इथं बस म्हणालीस आणि कुठं गेलीस?"

ती गुडघ्यांवर बसली. लेकीचा तो हात हातात घेतला. तो उबदार होता, नुकताच कुणीतरी सोडल्यासारखा.

"आले ना," ती म्हणाली. "आले बघ."

लेकीनं तिच्या गळ्यात हात टाकले. थांब्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईनं कौतुकानं त्यांच्याकडे बघितलं. ती तशीच बसून राहिली, लेकीच्या केसांत तोंड खुपसून, आणि क्षणभर तिला जगात दुसरं काही म्हणून आठवलं नाही.

मग ढब्बू आठवला. लेकीला ओढतच ती घराकडे निघाली. लेक मात्र मजेत होती. शाळेतलं काहीबाही सांगत होती, मैत्रिणीचं भांडण, बाईंनी दिलेली शाबासकी, महिनाभर साठवून ठेवल्यासारखं. मावशीकडचं जेवण बरं असतं, पण तुझ्यासारखं नसतं, असंही मधेच म्हणाली. ती फक्त हं हं करत होती आणि पावलं उचलत होती.

गल्लीच्या तोंडाशी समोरून नर्सबाई आल्या. खांद्यावर ढब्बू. तिला हायसं वाटलं आणि पाठोपाठ शरम वाटली. काय सांगायचं, माफी कशी मागायची, हे ती जुळवत होती, तोच नर्सबाई लेकीकडे बघून थकलेलं हसल्या.

"अरे वा, आज आई लवकर आली का घ्यायला?"

लेकीनं मोठ्या दिमाखात मान हलवली. नर्सबाईंनी तिच्याकडेही पाहिलं. रोज दाराशी भेटणारी दुसरी एखादी आई असावी, तसं. ओळखीचं, पण नाव न आठवणारं.

"यालाही आत्ताच घेतलं," त्या म्हणाल्या. "ताप उतरलाय म्हणाल्या मावशी. दुपारपासून मांडीवरून खाली ठेवला नाही हो त्यांनी. असं कोण करतं हल्ली?"

तिनं ढब्बूच्या कपाळाला हात लावायला हात पुढे केला. कपाळ गार होतं. दुपारभर तिच्याच पोटाला चिकटून झोपलेलं ते पोर दचकलं, त्यानं तिच्याकडे टक लावून पाहिलं, आणि मान फिरवून आईच्या गळ्यात तोंड लपवलं.

"परकं माणूस दिसलं की असंच," नर्सबाई म्हणाल्या आणि पोराला सावरत पुढे गेल्या.

शिंप्याचं दुकान बंद झालं होतं. वर त्यांच्या खिडकीत दिवा होता. निघताना तिनं दिवा लावला होता की नाही, हे तिला काही केल्या आठवेना. नवऱ्याची बस या वेळी डेपोपासून लांब कुठंतरी असणार. ती खिडकीकडे बघत राहिली तेव्हा पडद्याआड कुणीतरी वाकलं, सरळ झालं, पुन्हा वाकलं. सतरंज्या गोळा करताना वाकावं लागतं तसं.

"आई, चल ना," लेक म्हणाली. तिनं आईचा हात दोन्ही हातांनी धरला होता.

त्या जिना चढल्या. सँडल वाजत होत्या, म्हणून ती पाय जपून टाकत होती. दार बंद होतं, तिनंच ओढून घेतलेलं, आणि किल्ली आतच खुंटीला राहिली होती. आतून नळाचा आवाज येत होता. भांडी विसळल्याचा. मग नळ बंद झाला.

तिनं लेकीकडे पाहिलं. लेकीचा चेहरा अगदी निवांत होता. आपल्याला न्यायला कुणीतरी आलं आहे, आता कसलीच घाई नाही, असा.

तिनं केस कानामागे सारले, श्वास सावरला आणि बेल वाजवली. मग, दुसऱ्याच्या दाराशी उभं राहतात तशी, एक पाऊल मागे सरली. आतून पावलं येऊ लागली.