ताईचा गुडघा

शर्टाच्या खिशात बोटांना तो लागला—निळा कागद, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. कवळी बसवली की हा दातांमध्ये धरायला द्यायचा आणि म्हणायचं, चावा. जिथे दात उंच राहिला असेल तिथे निळा ठिपका उमटतो, तेवढंच घासायचं. माणसं भिडेखातर म्हणतात, छान बसलीय; कागदाला भीड नसते. सव्वीस वर्षं कवळ्या केल्या, बोट कधी थरथरलं नाही, आणि आज घामानं कागदाचा रंग बोटांना लागलेला... त्यानं तो घाईघाईनं रुमालाला पुसला.

बाकावर शेजारी ताई होती. दिवाळखोरीच्या कचेरीचे दोन जिने ती कठडा न धरता चढली होती, आणि वर पोचल्यावर तिनं मागे वळून पाहिलं होतं—बघ, म्हणून. त्याच्या मांडीवर अर्ज. बावीस प्रश्न, त्यातले एकवीस भरलेले. चौदावा कोरा: गेल्या वर्षभरात कोणा नातेवाइकाचं देणं फेडलं आहे का?

फेडलं होतं. चार महिन्यांपूर्वी, धंदा बुडणार हे पुरतं कळून चुकल्यावर, दात भाजायची भट्टी विकून आलेले सगळे पैसे त्यानं ताईच्या हातावर ठेवले होते. तिचेच होते, भाऊजी गेल्यावर मिळालेल्यातले, कागदावर एक सही न घेता तिनं धंद्याला दिलेले. बँकेला नाही, जागेच्या मालकाला नाही, माल देणाऱ्याला नाही—ताईला. आधी घरचं माणूस, मग जग. यात चुकलं काय? त्या पैशांत तिनं गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं.

वकीलबाईंनी परवा सगळं समजावलं होतं. पूर्वी म्हणे बुडालेल्याला तुरुंगात टाकायचे. मग कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की कोंडलेला माणूस कमावणार कधी आणि फेडणार कधी. तेव्हापासून कायदा हळूहळू माणसाळत गेला. असेल-नसेल ते उघड मांडायचं, ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांना सारख्या हिशेबानं वाटायचं, आणि उरलेल्या ओझ्यातून मोकळं व्हायचं. हातची अवजारंसुद्धा तुमच्याकडे ठेवतात. "लपवाछपवी तेवढी चालत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "आणि आपल्या माणसाला मागच्या दारानं आधी दिलेलं परत मागवतात." खर्च झालं असेल तर, असं त्यानं दुसऱ्याच कोणाचं विचारावं तसं विचारलं होतं. तरी मागवतात, त्या म्हणाल्या, हप्त्यानं का होईना. आणि लपवलं तर सुटका नाही, वर खटला. तो मान डोलावून घरी आला होता.

म्हणजे आता काय, गुडघा काढून जमा करायचा?—हे मनात आलं आणि त्याला भलत्याच जागी हसू फुटलं. ताईनं काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, तो म्हणाला.

समोरून माल देणारा म्हातारा आला. मेण, दात, प्लास्टर—एकोणीस वर्षं उधारीवर पुरवणारा. त्याच्या तोंडातली कवळी यानंच केलेली. बोलताना किंचित वाजते, पण म्हाताऱ्यानं कधी तक्रार केली नाही. त्यानं ताईची चौकशी केली. ताई कौतुकानं म्हणाली, चालतेय की, दोन जिने चढून आले.

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. "आमच्या हिचा गुडघा राहिलाय. बघू, आज काय वाट्याला येतंय ते."

कवळी वाजली. बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोपं गेलं असतं, मग मलाही रागावता आलं असतं... म्हातारा आपल्या जागी जाऊन बसला.

प्रेमापोटी दिले, असं मी चार महिने स्वतःला सांगत आलो. खरंच? ताईला रोज तोंड दाखवावं लागतं, एका घरात राहतो आम्ही. म्हाताऱ्याला टाळता येत होतं—दुकानाला मागचं दार होतंच, टाळलंच की. जिच्यासमोर लाज वाटत होती तिचं आधी फेडलं, एवढंच. आणि ज्यानं कधी लाजवलं नाही, त्याला शेवटी ठेवलं. ठिपका इथे उमटला होता, नेमका इथे, आणि इतके दिवस मीच म्हणत होतो, छान बसलीय.

"काय रे, एक राहिलाय भरायचा?" ताई अर्जावर वाकली. "माझा चष्मा घरी राहिला. वाच की, मी सांगते."

तो वाचू लागला. हळू, एकेक शब्द, नातेवाइकाचं हासुद्धा. ताईनं समोर म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग याच्याकडे, आणि तिचा हात सावकाश गुडघ्यावर गेला, तिथेच राहिला.

आतून त्याचा नंबर पुकारला. आत बसलेल्या साहेबांची भीती कुठे गेली कोण जाणे, ती आता छातीत नव्हती. तिथे ताईचा तो हात होता. पेन त्यानं उघडलं, बोटं अजून निळीच होती... आणि लिहिण्याआधी, लहानपणी पाहायचा तसं, त्यानं एकदा ताईच्या तोंडाकडे पाहिलं.